तुम्ही विचारलंत म्हणून: कोणत्या महिन्यात टेस्ट केली?

दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच. "दादा, प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला, मग त्याला दमवून तपासणारा प्राइम९५ प्रोग्रॅम रात्रभर चालवला, एक एरर नाही. आता मशिन स्टेबल म्हणायचं ना?" मी उलट विचारतो, टेस्ट कोणत्या महिन्यात केली? समोरच्याला वाटतं, हा टाळून राह्यला. पण भुसावळात राहून याच्याइतका सरळ प्रश्न दुसरा नाही.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. २०१२ च्या डिसेंबरात इंटेलचा कोअर आय५ २५००के प्रोसेसर घेतला. नावातल्या 'के'चा अर्थ एवढाच, की त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे मूळ वेगाला (बेस क्लॉकला) गुणणारा आकडा, कंपनीने मोकळा ठेवलाय. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर ३३, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झ. मी तो ४५ वर नेला. तेवढा वेग पेलायला व्होल्टेज साधारण १.२ वरून १.३५ केलं. इथेच पोरं गफलत करतात. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. हिशेब मांडला तर माझी चिप आधीच्या पावणेदोन पटीच्या आसपास वीज खात होती, आणि ती सगळी उष्णता होऊन माझ्याच खोलीत पडत होती.

जानेवारीच्या रात्री खोली २० अंशांवर असताना बारा तास टेस्ट चालवली. प्रोसेसर ७० अंश. झकास! मी मित्रांना फोटो पाठवून मोकळा झालो.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे लग्नांचा धडाका आणि उन्हाचा कहर एकाच वेळी असतो. बाहेर ४५, माझी खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब रात्री अकरापर्यंत तव्यासारखा. प्रोसेसरवर बसवलेला हवेवर चालणारा कूलर, मग तो कितीही भारी घ्या, चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोन्हींतला फरक ठरवतो. माझा फरक ५० अंशांचा होता. खोली ४२ वर गेली, चिप ९२ वर. ९८ अंशांना हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, पण मी त्या रेषेच्या आत होतो. म्हणून मशिन मंदावलंही नाही, बंदही पडलं नाही. ते चुकायला लागलं.

हळदीचा व्हिडिओ होता. नवरीच्या गालाला हळद लावायला मामी वाकल्या, आणि मागे उभ्या मामांच्या तोंडाच्या जागी हिरवे चौकोन. आधी कॅमेऱ्याच्या कार्डवर संशय घेतला. तीच टाइमलाइन पुन्हा रेंडर केली, म्हणजे एडिटमधून पक्का व्हिडिओ पुन्हा बनवला, तर मामा शाबूत आणि चौकोन दोन मिनिटं पुढे जेवणाच्या पंगतीत. मूळ फाइल खराब असती तर चूक जागा बदलत नाही. जागा बदलते म्हणजे हिशेब करणारा चुकतोय. विंडोज कोसळून निळा पडदा आला असता तर मी त्याचे पाय धरले असते, निदान कळलं तरी असतं. न सांगता चुकणाऱ्या मशिनने आधीच्या किती लग्नांत काय केलं असेल, या विचाराने दोन रात्री जुन्या सीडी तपासत बसलो.

प्राइम९५ मुळात मर्सेन प्रकारच्या मोठ्या मूळ संख्या शोधायला लिहिलेलं. त्यातली गणितं दशांशात होतात, पण उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यावं लागतं. ते ०.४ पेक्षा जास्त लांब गेलं, की प्रोग्रॅम बोंब मारतो. ०.५ लांब म्हणजे इकडचा पूर्णांक की तिकडचा, हेच सांगता येत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला तीच टेस्ट लावली, तर पंचवीस मिनिटांत प्रोसेसरच्या चार कोअरपैकी (हिशेब करणाऱ्या भागांपैकी) एकाने हात टेकले. चिप तापली की त्याच वेगाला जास्त व्होल्टेज मागते, आणि व्होल्टेज दिलं की आणखी तापते. जानेवारीत जी शिल्लक होती, ती मे महिन्यात उरलीच नव्हती.

मल्टिप्लायर ४२ केला, व्होल्टेज १.२५. त्याच दुपारी, त्याच खोलीत ८२ अंश, आणि टेस्ट रात्रीपर्यंत चालली. तीन तासांच्या रेंडरला जेमतेम तेरा मिनिटं जास्त. त्या तेरा मिनिटांसाठी मी मामांचं तोंड घालवलं होतं!

तेव्हापासून टेस्ट आखाजीनंतरच्या आठवड्यात. दारं लावून, खोलीतला पाण्याचा कूलर बंद करून. आई वर पापड वाळवायला जाता-येता डोकावते आणि कपाळावर हात मारते. पण कूलर लावून टेस्ट करण्यात अर्थ नाही, कारण दीपनगरचं वीज केंद्र इतकं जवळ असूनही वीज जायची ती जातेच. मग इन्व्हर्टरवर संगणक चालतो, कूलर नाही. शिवाय त्या कूलरची ओली हवा धुळीला चिकट करते. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर अक्षरशः नमदा बसतो. दर दोन महिन्यांनी दाढीच्या जुन्या ब्रशने तो काढतो.

रॅमला मात्र वेगळं तपासा, आणि आधी तपासा. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर. नाहीतर रॅमचा गुन्हा प्रोसेसरच्या नावावर लागतो. आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'डब्ल्यू-एच-ई-ए' (WHEA) नावाच्या नोंदी अधूनमधून बघा. हार्डवेअरने चूक केली आणि स्वतःच सावरली, अशा नोंदीही तिथे येतात. टेस्ट पास, पण तिथे रोज दोन-चार ओळी, असं असेल तर मी त्याला स्टेबल म्हणत नाही.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. दर उन्हाळ्याच्या टेस्टची एक ओळ: मल्टिप्लायर, व्होल्टेज, खोली, चिप. पहिली चार वर्षं १.२५. मग १.२६. मग १.२८, कारण उष्णता आणि व्होल्टेज खाऊन चिप म्हातारी होते, आणि त्याच वेगाला जास्त मागते. २०१९ च्या ओळीत ४२ खोडून ४० लिहिलंय. आता ते मशिन भाच्याकडे आहे, मल्टिप्लायर ३३. त्याला कागद काढू नको म्हणून सांगितलंय. त्याने खाली पेन्सिलने क्रिकेटचा स्कोअर लिहायला सुरुवात केलीय.