फोन माझ्या नावावर, पाहते लेक

मोहोर आला की माझ्या फोनवर तुडतुड्यांची औषधं, फवारणीचे पंप, आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्या दिसू लागतात. देवगडात कलमं असलेल्याला त्या दिसणारच, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पेट्यांचा एक चांगला पुरवठादार मला असाच मिळाला. यंदा मात्र मधेमधे वजन घटवायचे चहा आणि रंग उजळवणारी क्रीमं येऊ लागली.

संध्याकाळी फोन नववीतल्या लेकीकडे असतो, अभ्यासासाठी. पिंपल्सवरचा एक व्हिडिओ तिने शेवटपर्यंत पाहिला. ॲपला तेवढं पुरतं. तो पाहणाऱ्या इतरांनी पुढे काय पाहिलं, ते समोर येतं. बोट कुठे थांबलं, काय पुन्हा पाहिलं, याची नोंद होते आणि त्यावरून पुढचं ठरतं. पिंपल्सवरून रंग, रंगावरून कंबर. एका रात्री तिने भात बाजूला सारला. "माका नको, मी जाडी झालंय." ताटात बांगड्याचं तिखलं होतं, तिच्या जिवाभावाचं.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, कलम ९ मध्ये, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई लिहिली आहे. पण ॲपच्या दफ्तरी माझी मुलगी नाहीच. तिथे एक मध्यमवयीन बागायतदार आहे आणि तिचं सगळं पाहणं त्याच्या नावावर जमा होतं. आमच्याकडे घरोघरी हेच, एका फोनवर अख्खं घर. मला संताप येतो तो इथे, की त्याच खात्यावर रोज 'नववी गणित भाग १' लावलं जातं. मोहोर कधी येतो ते ज्यांना कळतं, त्यांना समोर शाळकरी पोर बसलंय हे कळत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

तिचं वेगळं खातं काढलं, खरी जन्मतारीख घालून. अठराखालच्यांना आवडीनिवडी पाहून जाहिराती दाखवणार नाही, असं गूगलने २०२१ मध्ये जाहीर केलंय. माझ्या खात्यात 'माय ॲड सेंटर', म्हणजे कुठल्या जाहिराती दिसाव्यात ते ठरवायचं गूगलचं पान, उघडून वजन घटवणं आणि जुगार हे विषय कमी केले. दारूचाही पर्याय तिथेच आहे. व्हिडिओच्या ॲपमधला जुना इतिहास पुसला.

लेक आता जेवते, पण आरशासमोर अजून रेंगाळते. तिची आई तिच्याशी बोलतेय. पुढच्या पालकसभेत मी हा विषय काढणार आहे. वाडीतल्या ज्यांना ही सेटिंग सापडत नाही, त्यांनी फोन घेऊन यावं, तिथेच बसून करून देईन.