रूर: कोळशावर वाढलेली शहरं

रूर हा जर्मनीतला कोळशाच्या खाणींचा पट्टा. त्यातल्या एसेन शहरात १०७ नंबरची ट्राम त्सोलफेराइन खाणीच्या दारातच सोडते. १९३२ साली सुरू झालेल्या इथल्या बारा नंबरच्या शाफ्टमधून, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरातून, रोज १२ हजार टन कोळसा वर यायचा. १९८६च्या डिसेंबरात खाण बंद झाली. आता हे जागतिक वारसास्थळ आहे.

लांबलचक नारिंगी सरकत्या जिन्यानं कोळसा धुण्याच्या इमारतीत चढलो. आत संग्रहालय आहे, पण जुनी यंत्रं बरीचशी जागेवरच ठेवलीत. पट्टे, चाळण्या, मुठीएवढे बोल्ट. माणसाचा हात कमीत कमी लागावा अशी सगळी आखणी. फुकटात मिळालेल्या संपत्तीनं शहरं आळसावतात असं म्हणतात. मला ते इथे पटेना. डोकी तल्लखच होती, फक्त ती कोळशालाच जुंपलेली होती. जमिनी खाणकंपन्यांच्या ताब्यात, आणि दुसऱ्या उद्योगाला त्या द्यायची त्यांची तयारी नसे. कोळशाच्या ऐन भरभराटीत या पट्ट्यात एकही विद्यापीठ नव्हतं. इथल्याच बोखुम शहरातलं सुरू झालं ते १९६५ मध्ये, कोळशाला उतरती कळा लागल्यावर.

दुसरा मुक्काम म्युलहाइम. तिथली कोळसा संशोधन संस्था बाहेरूनच पाहिली, पण माझ्या लेखी ही सहलीतली सगळ्यात महत्त्वाची इमारत. १९२५ मध्ये फिशर आणि ट्रॉप्श या रसायनशास्त्रज्ञांनी इथेच कोळशापासून द्रवइंधन बनवण्याची प्रक्रिया शोधली. म्हणजे पुन्हा कोळसाच! १९४३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सीगलर संचालक म्हणून आले ते अट घालून: संशोधनाचा विषय मी ठरवणार, कोळशाचं बंधन नको. दहा वर्षांनी त्यांच्या प्रयोगशाळेत साध्या दाबाखाली पॉलिथिन तयार झालं. तोवर त्यासाठी हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त दाब लागायचा. त्सीगलरना १९६३चं नोबेल मिळालं आणि पेटंटच्या पैशावर संस्था कित्येक वर्षं चालली. २०२१ला नोबेल मिळालेले बेन्यामिन लिस्ट याच संस्थेतले. पैसा कोळशानं उभा केला, पण मोठी झेप घेतली ती कोळशापासून मोकळीक मिळाल्यावर.

बोखुममध्ये खाणींच्या जागेवर १९६२ला ओपेलचा मोटारींचा कारखाना आला, तोही २०१४ला बंद झाला. सध्या शहराचं नाव होतंय ते संगणक-सुरक्षेच्या संशोधनासाठी. कोळसा मात्र पाठ सोडत नाही. खाणकामानं जमीन इतकी खचलीय की पाणी उपसणारे पंप थांबले तर मोठा भाग पाण्याखाली जाईल. बंद खाणींचं पुढे काय करायचं, याच्या अभ्यासासाठी बोखुममध्ये आता वेगळं संशोधन केंद्रच आहे.