हजेरीपटाच्या क्रमाने फाडलेल्या पावत्या

कोणती युनियन मान्यताप्राप्त, हे कर्मचारी मतदान करून ठरवतात, असा बहुतेकांचा समज असतो. रेल्वेत तसं होतं. २००७, २०१३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथे गुप्त मतदान झालं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच महापालिकांच्या बससेवेत मात्र कामगार संघटनांच्या मान्यतेचा राज्याचा १९७१ चा कायदा चालायचा, ज्याला कोर्टात सगळे नुसतं ‘एमआरटीयू’ म्हणतात. त्यात मतपेटी नाही. दोन्ही युनियन ‘घ्या मतदान, आमची हरकत नाही’ म्हणाल्या तरीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्सच्या प्रकरणात हे स्पष्टच केलं: कायद्याने सदस्यसंख्या तपासायला सांगितलंय, तर ती तपासा. तपासायची म्हणजे काय, तर पावत्या, रजिस्टरं, पगारपत्रकं. औद्योगिक न्यायालय हे काम इन्व्हेस्टिगेटिंग ऑफिसरकडे सोपवतं, म्हणजे आमच्याकडे.

खाली लिहिलेलं प्रकरण आणि त्यातले नियम केंद्राची नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू होण्याआधीचे आहेत. उपक्रमाची ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेत, प्रमाण तेच ठेवलंय.

एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात जुनी संघटना बरीच वर्षं मान्यताप्राप्त होती. नव्या संघटनेने कलम १४ खाली ‘त्यांच्या जागी आम्हाला मान्यता द्या’ असा अर्ज केला. असा अर्ज करायला जुनीच्या नोंदणीला दोन वर्षं उलटलेली लागतात, ती केव्हाच उलटली होती. अर्ज ऑक्टोबरमधला, म्हणून हिशेबाचे महिने एप्रिल ते सप्टेंबर. अर्जाच्या महिन्याआधीचे सहा कॅलेंडर महिने, सलग, पूर्ण. ताजी मान्यता मागायची असेल तर या सहाही महिन्यांत किमान ३० टक्के सदस्य पुरतात. दुसऱ्याला हटवायचं असेल तर त्याशिवाय सहाही महिने त्याच्यापेक्षा जास्त सदस्य दाखवावे लागतात. पाच महिने पुढे आणि एक महिना मागे, तर अर्ज गेला.

यात पणाला काय लागलेलं असतं, तेही सांगतो. मान्यताप्राप्त संघटनेला फलक लावता येतो, पगार होतो त्या जागी वर्गणी गोळा करता येते, आणि मुख्य म्हणजे वेतनकराराची बोलणी तिच्याशीच होतात. बाकीच्यांना बडतर्फी, निलंबन, नोकरकपात अशा एकेकट्या सदस्याच्या प्रकरणापुरतं बोलता येतं. म्हणजे कराराच्या वर्षी मान्यता नसणं म्हणजे दाराबाहेर उभं राहणं.

पहिलं काम छेदाचं. एकूण कर्मचारी किती? प्रशासनाने दिलेल्या यादीत डेपो मॅनेजर, लेखा अधिकारी सगळे घुसडलेले होते, ते वगळले. बदली कंडक्टर ठेवले. भाडेतत्त्वावरच्या बसगाड्यांचे चालक मात्र आत घेता आले नाहीत. ते ठेकेदाराच्या पगारपत्रकावर, आणि सिप्ला कंपनीच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालानंतर त्यांचं नातं उपक्रमाशी आहे हे आधी दुसरीकडे सिद्ध व्हावं लागतं. एकाच थांब्यावर, एकाच मार्गावर गाडी चालवणारी माणसं मोजणीतच नाहीत. वर्षागणिक छेद लहान होत चाललाय आणि त्याबद्दल दोन्हीपैकी एकाही संघटनेने चकार शब्द काढला नाही. एप्रिलच्या हजेरीपटावर उरली ८४० नावं. ३० टक्के म्हणजे २५२.

जुन्या संघटनेची बाजू सोपी होती. तिची वर्गणी पगारातून कापली जायची. वेतन प्रदान कायद्याखाली त्याला कर्मचाऱ्याची लेखी संमती लागायची. संमतीपत्रांचे गठ्ठे लेखा विभागात होते, कपातीच्या याद्या छापील. एप्रिलमध्ये ३७१. यात गोम अशी की कपात सुरू व्हायला एक सही पुरते, थांबवायला मात्र अर्ज, आवक क्रमांक, डेपोच्या बाबूची मर्जी आणि लेखा विभागाचा शेरा लागतो. कित्येकांनी कपात बंद करायचे अर्ज दिल्याचं सांगितलं. पोच फार थोड्यांकडे. एका डेपोत असे अर्ज बाबूच्या ड्रॉवरमध्ये सापडले, एकावरही शिक्का नव्हता. ‘पुढच्या पगाराला बघू म्हणालो होतो,’ एवढंच त्याचं उत्तर. अशा बाबूंवर कधी कारवाई झालेली मी पाहिलेली नाही.

म्हणून दुहेरी सदस्य निघाले, आणि भरपूर निघाले. विश्रांतिगृहात टेबल टाकून एकेकाला ओळखपत्रासह बोलावलं. एक कंडक्टर म्हणाला, ‘साहेब, त्यांचे पगारातून जातात, यांचे मी देतो. मन कुठे आहे ते तुम्ही विचारतच नाही.’ खरंच विचारत नाही. कायदा दुहेरी सदस्यत्वाला मनाई करत नाही आणि ते कसं धरायचं हेही सांगत नाही. मी त्यांची वेगळी यादी जोडली, दोन्हीकडे मोजले, आणि तसं स्वच्छ लिहिलं.

नवी संघटना रोख वर्गणी घ्यायची. एप्रिलची तिची सदस्यसंख्या पावत्यांवरून ३९६. म्हणजे ३७१ पेक्षा २५ ने पुढे. मे ते सप्टेंबर अंतर त्याहून मोठं. आता सगळा प्रश्न एप्रिलच्या स्थळप्रतींचा, म्हणजे पावती फाडल्यावर पुस्तकात उरणाऱ्या प्रतींचा.

स्थळप्रती तपासताना रक्कम शेवटी बघायची. आधी क्रमांकांचा ओघ, मग अक्षर, मग शाई, मग तारखांच्या उड्या. डेपोच्या फाटकाशी वर्गणी गोळा होते तेव्हा माणसं कशीही येतात: सकाळपाळीचे एकदम, मध्येच वर्कशॉपचा फिटर, एखादा सुट्ट्या पैशांवरून वाद घालणारा, एक रद्द केलेली पावती. खऱ्या पुस्तकात हा गोंधळ दिसतो. एका डेपोच्या पुस्तकात ४८ पावत्या अशा निघाल्या की त्यावरची नावं थेट हजेरीपटाच्या क्रमाने, बॅज नंबर चढत्या ओळीत, एकच पेन, एकही खाडाखोड नाही, सगळ्यांवर ५ एप्रिल. त्यातला एक चालक त्या आठवड्यात वैद्यकीय रजेवर गावी होता, हे रजा रजिस्टरवरून दिसलं.

जुन्या संघटनेच्या वकिलांना हे दाखवायचीही गरज पडली नाही. त्यांना ते माझ्याआधी माहीत होतं.

नव्या संघटनेचा खजिनदार स्वतः चालक. त्याला विचारलं, या पावत्या कधी लिहिल्या? त्याने आढेवेढे घेतले नाहीत. ‘साहेब, पैसे शिफ्ट सुटताना घ्यायचो. वहीत नावापुढे टिक. पावत्या सुट्टीच्या दिवशी घरी बसून लिहिल्या. तारीख एप्रिलचीच हवी असं आम्हाला सांगितलं होतं.’

‘वही कुठे आहे?’

‘आहे ना. वकीलसाहेब म्हणाले, कच्चं काही दाखवू नका.’

दुसऱ्या दिवशी वही आली. दोनशे पानी, कडेला तेलाचे डाग, आणि आत नेमका तो गोंधळ जो पावत्यांत नव्हता: ‘पाटील वर्कशॉप’, ‘अर्धे दिले’, ‘उद्या देतो’, ‘रजेवर, मे मध्ये’. रजेवरच्या चालकासमोर एप्रिलमध्ये टिक नाही, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. बँकेच्या पासबुकातला भरणा वहीतल्या बेरजेशी जुळत होता. म्हणजे माणसं खरी, पैसे खरे, तारखा तेवढ्या खोट्या.

या प्रकरणातली मला अजून सुटत नसलेली गाठ इथे आहे. कायद्यातली ‘सदस्य’ची व्याख्या वाचली तर दरमहा किमान ५० पैसे वर्गणी आणि थकबाकीची मर्यादा एवढंच मागितलंय. एखाद्या महिन्याची वर्गणी तो महिना संपल्यापासून तीन महिन्यांत भरली, तर ती थकबाकी धरायचीच नाही. एप्रिलची वर्गणी जुलैअखेरपर्यंत चालली असती. सदस्यत्वाचा अर्ज एप्रिलआधीचा होता, तो रजिस्टरवर होता. पावतीवर खरी तारीख टाकून ‘एप्रिलची वर्गणी’ असं लिहिलं असतं, तर माझ्या वाचनाप्रमाणे ४८ पैकी जवळजवळ सगळ्या टिकल्या असत्या. खोटं बोलून जे मिळवायला गेले, ते खरं लिहूनही मिळत होतं. कलम वाचायची फी घेणाऱ्याने कलम वाचलं नव्हतं, असंच म्हणावं लागेल.

पण पावती खोट्या तारखेची ठरली की आमच्यासमोर तिचं काय उरतं? जुन्या संघटनेच्या वकिलांनी वहीला हरकत घेतली: ही संघटनेच्या दफ्तरात नाही, तिच्यावर कोणाची सही नाही, आज सकाळी लिहिली नसेल कशावरून? आज सकाळी लिहिलेली नव्हती, तेलाचे डाग एका रात्रीत तसे मुरत नाहीत. पण डागांवर अहवाल लिहिता येत नाही. मी वही परिशिष्टात जोडली, पासबुकाशी ताळा दाखवला, आणि निष्कर्षात लिहिलं की ४८ पावत्या त्या तारखेला दिल्याचं सिद्ध होत नाही. ३९६ वजा ४८, ३४८. जुने ३७१.

गंमत म्हणजे जुन्या संघटनेच्या कार्यकारिणीच्या सभांमध्ये तीन महिन्यांपेक्षा मोठी फट होती, ती मिनिट बुकातच दिसत होती. कलम १९ ची ती अट मोडली तर कलम १३ खाली मान्यता रद्द होऊ शकते. पण तो वेगळा अर्ज, आणि तो कोणी केलाच नव्हता. मला विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं असतं.

संहितेत आता ५१ टक्क्यांची अट आहे. त्या मापाने ८४० मध्ये ४२९ लागले असते, म्हणजे दोघींपैकी एकीचीही एकटीने बोलणी करायची पात्रता नसती. २० टक्क्यांवरच्या संघटनांची मिळून वाटाघाट परिषद बसली असती आणि दोघी एकाच टेबलाशी आल्या असत्या. ते बरं की वाईट, हे त्या उपक्रमातल्या माणसांनी सांगावं.

न्यायालयाने अर्ज फेटाळला. आदेशात वहीचा उल्लेख एका ओळीचा, ‘विश्वासार्ह नाही’ एवढाच. अर्ज निकाली निघाल्यापासून त्याच संघटनेचा नवा अर्ज वर्षभर दाखल करून घेतला जात नाही. त्या वर्षात वेतनकरार झाला, जुन्या संघटनेच्या सहीने, आणि थकबाकीच्या हप्त्यांचा तक्ता सगळ्या ८४० जणांना लागू झाला. खजिनदार नंतर कोर्टाच्या आवारात भेटला तेव्हा त्याच्याकडे नवीन पावतीपुस्तक होतं. त्यात ‘कोणत्या महिन्याची वर्गणी’ असा वेगळा रकाना त्याने छापून घेतला होता.