एकच बंदूक, सगळ्या कामाला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बंदुकांच्या दुकानात काम करतो मी, तर "सगळ्या कामाला चालेल अशी एकच द्या" हे रोजचंच. पण परवा एक काका आले शिंदे की छावणीकडचे, डबरा गावाला शेती, वडलांची जुनी इंग्लिश दुनाळी वारसाने नुकतीच लायसन्सवर चढवलेली. म्हणे कुंद्याला (खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता) रबर लाव आणि काडतुसं दे, शेतावर पण हीच आणि क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या, मारायला पण हीच.

नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, डमॅस्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी. मापायचा गेज घातला तर चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ६५ एमएमचं. काका म्हणे अरे ७० चं काडतूस घालून बघितलंय मी, मस्त बसतं! तोच तर घोळ आहे, डब्यावरचं ७० म्हणजे उडाल्यावर तोंड उघडलेल्या रिकाम्या काडतुसाची लांबी, भरलेलं काडतूस आखूडच असतं त्यामुळे बसणारच, पण उडताना तोंड उघडायला जागा नाही म्हणून प्रेशर भसकन वाढतं, आणि ही नळी काळ्या दारूच्या, म्हणजे कमी प्रेशरच्या जुन्या बारुदीच्या जमान्यातली. मी सरळ सांगितलं, हिच्यात आमच्याकडचं काडतूस मी देणार नाही.

काका रुसले जरा. मग १२ बोरचीच नवी दुनाळी दाखवली, चेंबर ७० चं, एक नळी हाफ चोक, दुसरी फुल (चोक म्हणजे नळीचं तोंड आवळलेलं, जितकं जास्त तितके छर्रे कमी पसरतात). त्यांना ३२ इंची नळी हवी होती, "लांब मारते". काही नाही हो, २८ पुरे, आपल्याकडे लांब नळी खांद्यावर मिरवायलाच लागते (आणि लग्नात उडवायची नाही, २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत जेल आहे).

रिकामी बंदूक, डोळे मिटून खांद्याला लावा म्हटलं, मग उघडा. तर मक्खी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) दिसेना, मान पुढे ताणलेली, कुंदा त्यांच्या हाताला लांब. रबर धरून अर्धा इंच कमी भरेल असा कापायचं ठरलं, पण माप जाकीट घालूनच घेतलं, कारण ग्वाल्हेरच्या थंडीत जाकिटाशिवाय कोण शेतावर जातंय! रेंजवर ४० यार्डावरून कागदावर मारून बघा म्हटलं, ३० इंचाच्या वर्तुळात फुलचे साधारण ७० टक्के छर्रे पडायला हवेत, हाफचे ६०. शेतावर पहिला बार हाफच्या नळीचाच ठेवा.

वडलांची विकायची नाही म्हणाले, कितीही जुनी असो. मग काय, एका लायसन्सवर दोनच, दोन्ही जागा भरल्या, आणि रबर बसलं ते फक्त नवीला.