निरामय विम्यातून मुलाची ऑक्युपेशनल थेरपी: माझा अनुभव

निरामय हा राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा, ठरावीक दिव्यांग व्यक्तींसाठीचा आरोग्य विमा आहे. त्यात थेरपिस्टची यादी नसते. उपचार कुठेही घ्या, पैसे आधी स्वतः भरा आणि मग बिलं पाठवून परत मागा, अशी पद्धत आहे. त्यामुळे घराजवळचा थेरपिस्ट निवडायला आपण मोकळे असतो, पण ते पैसे मिळणार की नाही हे त्याच्या पावतीवर ठरतं. मुलाच्या ऑक्युपेशनल थेरपीसाठी, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारासाठी, यातून जाताना जे कळलं ते देत आहे.

आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांची चौकशी मी आधी केली. त्या रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा जाऊन घ्यायची थेरपी त्यात बसत नाही.

निरामय राष्ट्रीय न्यासाची योजना आहे आणि न्यासाच्या 1999च्या कायद्यातल्या चारच गटांसाठी आहे: स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. नुसतं एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंवा अध्ययन अक्षमता असं निदान असेल तर नोंदणी होत नाही. त्या मुलांनाही हीच थेरपी लागते, म्हणून हे मला अजूनही पटत नाही.

नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करता येते. नोंदणीचं शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला 250 रुपये, इतरांना 500. संरक्षण वर्षाला 1 लाखापर्यंत. आधी तपासणी नाही आणि 'आजार जुना आहे' म्हणून नकारही नाही. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार आणि बँकेचं पासबुक या तिन्हींवर मुलाचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. एकावर वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यानेही अर्ज अडतो. हे प्रमाणपत्राच्या वेळीच तपासा, नंतरची दुरुस्ती फार वेळ खाते. निरामय कार्डाची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा नूतनीकरण वेळेआधी करा. मधल्या काळातली बिलं धरली जात नाहीत.

आता थेरपिस्ट. ऑक्युपेशनल थेरपी आणि थेरपिस्ट, दोन्हींना थोडक्यात 'ओटी' म्हणतात, पण सरकारी रुग्णालयात 'ओटी कुठे आहे?' विचारलंत तर ऑपरेशन थिएटरकडे पाठवतील. 'व्यवसायोपचार विभाग' किंवा पूर्ण 'ऑक्युपेशनल थेरपी' म्हणा. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था इथे हा विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, आधी पाहा. लहान मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे मोफत होते, तेव्हा विम्याला हातच लावावा लागत नाही. मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टचं पद भरलेलं आहे का, हे फोनवरच विचारा. काही ठिकाणी फक्त फिजिओथेरपिस्ट असतात. चालणं-उभं राहणं ते चांगलं बघतात, पण चमचा धरणं, बटण लावणं, आवाज-स्पर्शाचा त्रास यांसाठी ओटीच लागतो.

खासगी थेरपिस्टला भेटण्याआधी मी तीन गोष्टी विचारत असे. ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, म्हणजे बीओटीएच किंवा एमओटीएच, आहे का? राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? प्रत्येक सेशनची तारीखवार पावती मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर पुढचा नंबर फिरवायचा. अंतरही बघा. तासभर बसमध्ये बसून पोचलेलं मूल आधीच कंटाळलेलं असतं आणि 45 मिनिटांतली निम्मी त्याला शांत करण्यात जातात. थोडा कमी नावाजलेला, पण पंधरा मिनिटांवरचा आणि घरी करायचे व्यायाम लिहून देणारा थेरपिस्ट मला जास्त उपयोगी वाटतो.

क्लेम परत येतो तो बहुतेक कागदामुळे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'थेरपी चालू ठेवा' एवढंच असेल तर ते पुरत नाही. निदान, 'ऑक्युपेशनल थेरपी', आठवड्यातून किती वेळा आणि किती महिने, हे सगळं लिहून घ्या. चिठ्ठीची तारीख पहिल्या सेशनच्या आधीची हवी. माझा एक क्लेम याच कारणाने परत आला, कारण थेरपी सुरू झाल्यावर चिठ्ठी घेतली होती. बिलावर 'महिन्याचं पॅकेज' अशी एकच रक्कम नको. प्रत्येक तारीख, त्या दिवशीची फी, मुलाचं निरामय कार्डावरचंच नाव, थेरपिस्टची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. बुडालेल्या सेशनची फी त्यात घालू देऊ नका.

थेरपीसाठी वेगळी मर्यादा आहे आणि ती 1 लाखाच्या मानाने बरीच लहान आहे. आठवड्यातून तीन सेशन असतील तर ती वर्षाच्या मध्यातच संपू शकते. म्हणून चालू वर्षाचा आकडा नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून घ्या आणि त्यानुसार काही सेशन डीईआयसीत, काही खासगीत अशी वाटणी करा.

क्लेमसोबत मूळ बिलं जातात. पाकीट बंद करण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढा आणि स्पीड पोस्टची पावती तिलाच टाचून ठेवा.