गडावरच्या टाक्यांची वही : सहावी नोंद

नाशिक जिल्ह्यातील गडांवरची कातळात खोदलेली पाण्याची टाकी मोजून त्यांची रेखाटने करण्याचे काम गेल्या पावसाळ्यानंतर हाती घेतले होते. या नोंदीपर्यंत रामशेज, हरिहर आणि साल्हेर हे तीन गड पाहून झाले आहेत.

सुरुवात मात्र गडावरून नव्हे, तर शहरालगतच्या त्रिरश्मी डोंगरावरून, म्हणजे पांडवलेण्यांपासून केली. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे आणि त्यात लेण्याबरोबर ‘पोढी’ खोदविल्याचाही उल्लेख येतो. पोढी म्हणजे आपण ज्याला टाके म्हणतो तेच. जवळपास १,९०० वर्षांपूर्वी दान देणाऱ्याला निवाऱ्याइतकेच पाणीही नोंदवण्याजोगे वाटले, हे वाचल्यापासून कोणत्याही गडावर माझी पावले बुरुजाआधी टाक्याकडे वळतात.

रामशेजला माझी मोठी चूक झाली. काठी टेकली तेथे तळ आहे असे समजून मी खोली लिहिली. प्रत्यक्षात ती काठी गाळावर टेकली होती, त्यामुळे तेथील सर्व मापे पुन्हा घ्यावी लागली. आता वजन बांधलेली दोरी सोडतो आणि ‘गाळापर्यंतची खोली’ असेच स्पष्ट लिहितो. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातल्यानंतर हा लहानसा गड अनेक वर्षे झुंजला. शिबंदी शूर होतीच, पण वर पाणी नसते तर केवळ शौर्यावर इतका काळ निभावणे शक्य नव्हते, असे ही टाकी पाहताना माझे ठाम मत झाले.

हरिहरच्या जवळजवळ उभ्या कातळातील पायऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. पायऱ्यांत हात रोवण्यासाठी केलेल्या खोबणी खरोखरच विलक्षण आहेत. परंतु बहुतेक मंडळी माथा गाठून छायाचित्रे काढतात आणि कोठीजवळची टाकी न पाहताच परततात, याची खंत वाटते. सुटीच्या दिवशी तेथे जाऊ नये. वाट एकेरी असल्याने उतरणारे आणि चढणारे समोरासमोर अडकतात.

साल्हेरला (१,५६७ मीटर, महाराष्ट्रात उंचीने कळसूबाईखालोखाल) वाघांबे गावातून साल्हेर-सालोटा खिंडीमार्गे चढलो. १६७२ मध्ये मराठ्यांनी याच परिसरात मोगलांचा खुल्या मैदानात पराभव केला. गंगासागर तलावाचे माप एका दिवसात पुरे झाले नाही; तीन बाजू झाल्या, चौथी राहिली.

एक पद्धत नव्याने सुरू केली आहे. टाक्याच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा कोरीव चर आहे का, आणि टाके उघडे आहे की खांब राखून आत खोदलेले, हे आधी पाहतो. खांबटाक्यात ऊन पोहोचत नाही, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते आणि शेवाळही कमी धरते. पुढची फेरी धोडपची असेल. ती उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावर करणार आहे, कारण छिन्नीचे घाव तेव्हाच नीट दिसतात.