रडलं कोण? तर मीच

आज दिवसभर कथेच्या एकाच पानाशी झटापट. नवरा गेल्यावर बाई पहिल्यांदा एकटी घरात शिरते आणि मी लिहून ठेवलेलं, 'तिला अतीव दुःख झालं, अश्रूंच्या धारा वाहू लागल्या'. लिहिताना मलाच भरून आलेलं हो, पण मैत्रिणीला वाचून दाखवलं तर मोबाईल बघत म्हणाली, छान आहे. संपलंच की!

मग आठवलं, नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव, म्हणजे मनातली भावना आपोआप अंगावर उमटते त्या खुणा, 8 सांगितलेत, घाम, रोमांच, आवाज फाटणं, थरथर, चेहऱ्याचा रंग उडणं वगैरे, अश्रू त्यातला फक्त एक, आणि मी पठ्ठ्या दरवेळी त्या बिचाऱ्यालाच कामाला लावतो.

शेवटी रडणं अख्खं उडवलं. आता तिला टेबलावर त्याचा चष्मा दिसतो, काचेवर अंगठ्याचा ठसा, नेहमीसारखी वैतागून पुसायला कापड घेते, आणि न पुसताच चष्मा केसमधे ठेवून देते. बस, एवढंच.

परत वाचलं तर मैत्रीण जरा वेळ गप्प, मग म्हणे, पुढे?

पुढचं कुठे लिहिलंय अजून! 'थरथरत्या हातांनी' हे मात्र तीनदा घातलं आणि तीनदा खोडलं, आत्ता परत हात शिवशिवतायत 😅